नोकरीचा कंटाळा आलाय? राजीनामा लिहिण्याआधी कंटाळा कशाचा ते शोधा



"सर, नोकरीचा फार कंटाळा आलाय. कुठला धंदा सुरू करू?"

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न सतत येतो. नीट बघा, यात दोन वेगवेगळी वाक्यं आहेत. पहिलं कंटाळ्याचं, दुसरं धंद्याचं. विचारणाऱ्याला वाटतं की पहिल्यातून दुसरं आपोआप निघतं. तसं ते निघत नाही. डोकं दुखतंय म्हणून कुणी चष्मा घेतला तर कधी उपयोग होतो, कधी होत नाही. डोकं कशामुळे दुखतंय यावर ते अवलंबून असतं. कंटाळ्याचंही तसंच आहे.

आज आपण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर हा आपला पट्टा डोळ्यांसमोर ठेवून बोलू. तुम्ही नाशिकचे असा की सांगलीचे, हिशोब तुम्हालाही लागू पडेल. फक्त लोकलच्या जागी तुमची एसटी किंवा बाईक धरा.

आधी वेळेचा हिशोब

अंबरनाथ स्टेशन सीएसएमटीपासून साधारण ६० किलोमीटरवर आहे, बदलापूर ६८ वर. घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत एका बाजूला पावणेदोन तास धरा. दादरपलीकडे जाणारे म्हणतील की हे कमीच धरलंय. तरी चालेल.

जाऊन-येऊन साडेतीन तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर साडेसत्याऐंशी तास. वर्षाचे १,०५० तास. याला २४ ने भागा. जवळपास ४४ दिवस आले. म्हणजे वर्षातले ४४ दिवस आणि ४४ रात्री तुम्ही प्रवासात असता, तेही बऱ्याचदा उभ्याने.

आता मला सांगा, तुम्हाला कंटाळा नोकरीचा आलाय की लोकलचा?

पहाटे उठून डबा भरायचा, धावत गाडी पकडायची, रात्री घरी यायचं तोवर मुलं झोपलेली. अशी पाच वर्षं गेली की माणूस म्हणतो, "नोकरीत राम नाही." पण हीच नोकरी घरापासून दहा मिनिटांवर असती तर तो असं म्हणाला असता का? काही जण तरीही म्हणाले असते. बरेच जण म्हणाले नसते.

कंटाळ्याचे चार प्रकार

१. प्रवासाचा कंटाळा. ओळख सोपी आहे. ऑफिसात बसल्यावर तुम्ही ठीक असता, कामात वेळ जातो. पण संध्याकाळी निघायची वेळ झाली की पोटात गोळा येतो. रविवारी रात्री आठवते ती प्लॅटफॉर्मवरची गर्दी, ऑफिसचं टेबल नाही.

२. कामाचा कंटाळा. रोज तेच. तीच एक्सेल शीट, तेच बिल, तोच रिपोर्ट. दोन वर्षांत नवीन काही शिकलात का, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. खरं तर हा कंटाळा हुशारीचं लक्षण आहे. तुमची क्षमता मोठी आणि काम लहान, असा त्याचा अर्थ.

३. माणसांचा कंटाळा. काम आवडतं, पण साहेब नको वाटतो. श्रेय दुसरा घेतो, बोलणी तुम्ही खाता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. धंद्यात साहेब नसतो, पण गिऱ्हाईक असतं. साहेब एक असतो, गिऱ्हाइकं दिवसाला पन्नास. ज्याला माणसंच नको झालीत, त्याने दुकान टाकण्याआधी दहादा विचार करावा.

४. घराचा वेळ हरवल्याचा कंटाळा. हा सगळ्यात फसवा. वरवर नोकरीचा राग येतो, पण आतली बोच वेगळीच असते. आईला दवाखान्यात न्यायला सुट्टी मिळाली नाही, मुलीचं गॅदरिंग चुकलं, बायकोशी नीट बोलून महिना झाला. या माणसाला धंदा नको असतो, संध्याकाळ हवी असते.

तुमचा कंटाळा कुठला, हे आत्ता या क्षणी सांगू नका. एक वही घ्या. २१ दिवस रोज रात्री दोनच ओळी लिहा. आज सगळ्यात जास्त वैताग कधी आला? त्याच्या आधी काय घडलं होतं? तीन आठवड्यांनी वही उघडा आणि कुठला आकडा सगळ्यात जास्त वेळा आलाय ते मोजा. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळंच उत्तर निघतं.

तासाला किती सुटतात?

आपल्याकडे कमाई महिन्यावर मोजतात. "त्याला तीस सुटतात, मला अठ्ठावीसच." आज आपण तासावर मोजू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा मुंबईच्या नोकरीत पगार २८ हजार. नऊ तास ऑफिस, साडेतीन तास प्रवास, दिवसाचे साडेबारा. २५ दिवसांचे साधारण ३१२ तास. तासाला झाले ९० रुपये.

आता हीच व्यक्ती नोकरी सोडून अंबरनाथमध्ये नाश्त्याचं दुकान टाकते. सगळा खर्च वजा जाता ३० हजार सुटतात. वा! पगारापेक्षा दोन हजार जास्त. पण दिवसाचे १४ तास, महिन्याचे तीसही दिवस. ४२० तास. तासाला ७१ रुपये.

थांबा, अजून संपलं नाही. बायको रोज चार तास मदत करते. कांदा चिरते, चटणी वाटते, भांडी बघते. तिचे १२० तास कुणी धरलेच नव्हते. एकूण झाले ५४०. तासाला ५५-५६ रुपये.

तिसरा पर्याय बघा. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत किंवा बदलापूर एमआयडीसीत २२ हजारांची नोकरी. पगार सहा हजारांनी कमी, म्हणून लोक नाक मुरडतात. पण प्रवास जाऊन-येऊन अर्धा तास. दिवसाचे साडेनऊ, महिन्याचे साधारण २३७ तास. तासाला ९२-९३ रुपये. शिवाय रोज तीन तास घरात.

म्हणजे धंदा करू नका असं सांगतोय का मी? अजिबात नाही. धंद्याचा गल्ला वाढू शकतो, पगार सहसा ठरलेल्या चौकटीत राहतो. पहिल्या वर्षी तासाला ५६ रुपये मिळवणारं दुकान तिसऱ्या वर्षी माणूस ठेवून दीडशेवर जाऊ शकतं. पण ज्याला फक्त संध्याकाळ हवी होती, त्याने दुकान टाकून उरलेला रविवारसुद्धा घालवला, तर तो धंदा किती चालला याला काय अर्थ राहिला?

धंद्यातही तेच ते असतं

व्हिडिओत सगळे उद्घाटनाची रिबीन दाखवतात. त्यानंतरच्या चारशेव्या दिवशी काय होतं ते दाखवत नाहीत. मी सांगतो. चारशेव्या दिवशीही पहाटे पाचला कांदा चिरायचा असतो. जीन्सच्या कारखान्यात एक जण दिवसभर खिसेच लावतो, दुसरा बटणंच. मालक असाल तर रोज तीच उधारी मागायची, तोच जीएसटीचा हिशोब, तोच "उद्या देतो" म्हणणारा पार्टीवाला.

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. वालधुनीच्या काठावर, शिलाहारांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा उल्लेख आहे. आपण जातो, दर्शन घेतो, फोटो काढतो आणि येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा बाहेरून जरा निवांत बघा. हे भूमिज शैलीचं मंदिर. या शैलीत शिखरावर छोट्या शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक, रांगेने रचतात. इथे वरचा बराच भाग आज शाबूत नाही, पण जेवढं उरलंय त्यातून कल्पना येते. तोच आकार पुन्हा, परत तोच, परत तोच. ज्या कारागिराने हे घडवलं त्याने एकच नक्षी किती वेळा कोरली असेल!

त्याला कंटाळा आला नसेल का? आला असेलच, माणूस होता. पण हे तेच ते कुठे जाऊन बसणार आहे, हे त्याला माहीत असावं. तुमच्या नोकरीतलं किंवा धंद्यातलं तेच ते कुठे जाऊन बसतंय, हा प्रश्न विचारा. रोजच्या चिरलेल्या कांद्यातून मुलीच्या कॉलेजची फी उभी राहत असेल, किंवा पाच वर्षांत दुसरी शाखा निघणार असेल, तर तो कांदा वेगळा. नुसताच दिवस ढकलला जात असेल तर वेगळा.

उल्हासनगरकडून काय शिकायचं?

आपल्याकडे धंद्याचं उदाहरण म्हटलं की लोक उल्हासनगरकडे बोट दाखवतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ ला या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथले पत्ते कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. घरदार, जमीन, दुकान सगळं मागे राहिलेल्या माणसांनी बराकीत राहून पुन्हा सुरुवात केली. आज तिथली जीन्स, फर्निचर आणि कापडाची बाजारपेठ सगळ्यांना माहीत आहे.

पण लक्षात घ्या, त्या पहिल्या पिढीने कंटाळा आला म्हणून धंदा केला नव्हता. त्यांच्याकडे परतीची नोकरीच नव्हती. तुमच्याकडे ती आहे. म्हणून त्यांची हिंमत घ्या, पण त्यांच्यासारखी उडी मारायची सक्ती तुमच्यावर नाही. हातात पगार असताना धंदा तपासून बघता येणं ही चैन आहे. ती वापरा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी हेच केलं. ते मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. ती नोकरी चालू असताना मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे. पुढे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा १८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. तोपर्यंत धंद्याचा एक पाय बेळगावात रोवलेला होता. आणि तरीही पुढची वाट सोपी नव्हती. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. म्हणजे राजीनाम्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. "सहा महिन्यांत सेट व्हायचंय" म्हणणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवा.

रविवार फुकट मिळालेला नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कारण इथेच घरं मोडतात.

रविवारची सुट्टी आपल्याला जन्मापासून माहीत आहे, म्हणून ती कायमचीच आहे असं वाटतं. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि कामगारांची मागणी मांडली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, आणि ती रविवारी हवी. रविवार खंडोबाचा वार, हेही कारण त्यामागे होतं. सहा वर्षं गेली. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोकांनी सहा वर्षं भांडून मिळवलेला हा दिवस नवा दुकानदार पहिल्याच महिन्यात देऊन टाकतो. "रविवारीच तर गिऱ्हाईक असतं हो!" बरोबर आहे. मग मंगळवार बंद ठेवा. पण एक वार बंद ठेवाच. दुकानात ठेवलेल्या पोऱ्याला कायद्याने आठवड्याची सुट्टी आहे. मालकाला मात्र कुठलाच कायदा सुट्टी देत नाही. ती त्याने स्वतःच स्वतःला द्यायची असते.

हा दिवस नंतर ठरवू म्हणाल तर तो कधीच येणार नाही. गिऱ्हाइकाला एकदा तीसही दिवसांची सवय लावलीत की मग बंद ठेवणं अवघड. पहिल्या दिवसापासून पाटीवरच लिहा, "मंगळवारी बंद". आठवड्याभरात लोकांना पाठ होतं.

मग करायचं काय? पाच पायऱ्या

पायरी १. कंटाळ्याचा प्रकार ठरवा. वहीत पहिला प्रकार निघाला तर आधी जवळची नोकरी शोधा. दुसरा निघाला तर धंद्याचा विचार जरूर करा, तुम्ही योग्य जागी आलात. तिसरा निघाला तर विभाग किंवा कंपनी बदलून बघा. चौथा निघाला तर कुठलाही निर्णय घेण्याआधी घरच्यांशी बोला.

पायरी २. नियम तपासा. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. "बायकोच्या नावावर करू" हा सल्ला सगळे देतात, पण तेही कार्यालयाला कळवावं लागू शकतं. आधी विचारून घ्या. खासगी नोकरीत असाल तर नेमणुकीचं पत्र काढून वाचा. बऱ्याच पत्रांत दुसऱ्या कामाबद्दल अट असते.

पायरी ३. लहान चाचणी घ्या, आणि ती दोन प्रकारच्या दिवशी घ्या. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराची यात्रा भरते, गर्दी तुम्ही बघितलीच असेल. नगरपालिकेची रीतसर परवानगी घेऊन तिथे स्टॉल लावणं ही चांगली शाळा आहे. पण यात्रेचा गल्ला म्हणजे रोजचा गल्ला नव्हे! यात्रेला आलेला माणूस पुन्हा वर्षाने येतो. त्या एका दिवसाची कमाई बघून गाळा भाड्याने घ्याल तर फसाल. तोच माल पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या बुधवारी विकून बघा. धंदा चालणार की नाही, ते बुधवार सांगतो. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका.

पायरी ४. घरखर्चाचे किमान सहा महिने बाजूला काढा. भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, शाळेची फी, आईबाबांची औषधं हे सगळं त्यात धरा. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि धंद्यात घालू नका, कितीही मोह झाला तरी. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण हप्ता पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक आलं की नाही हे विचारत नाही.

पायरी ५. घरची मीटिंग. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, सगळे समोरासमोर. तीन प्रश्न विचारा. पगार बंद झाला तर कुठला खर्च आपण खरंच थांबवू शकतो? धंद्यात कोण किती तास देणार, आणि त्याचे त्याला किती पैसे? कुठल्या दिवशी, किती वाजल्यानंतर आपण धंद्याचं बोलायचं नाही?

दुसऱ्या प्रश्नावर लोक हसतात. "घरच्या माणसाला कसले पैसे?" पण बायकोचे चार तास कागदावर आले की दोन गोष्टी होतात. धंदा खरंच फायद्यात आहे का ते कळतं. आणि तिचं काम हे काम आहे, हे घरात सगळ्यांना कळतं. कंटाळा फक्त नोकरी करणाऱ्यालाच येतो असं नाही. तुमचा कंटाळा घालवण्यासाठी तुम्ही धंदा काढाल आणि त्यातलं तेच ते काम तिच्या गळ्यात टाकाल, तर घरातला कंटाळा संपला नाही, फक्त जागा बदलून बसला.

नोकरीच बरी, असं उत्तर आलं तर?

तर तेही चालेल. उद्योजक व्हा सांगणाऱ्या माणसाने असं म्हणू नये, असं कुणाला वाटेल. पण २१ दिवसांनी वही उघडून कुणी म्हणालं, "मला नोकरी नकोशी नाही, मला सातच्या आत घरी यायचंय," तर त्याने स्वतःला ओळखलं. त्याने जवळची नोकरी बघावी आणि शनिवारी एखादा छोटा जोडधंदा करावा, किंवा शनिवारी नुसतं मुलांना घेऊन फिरायला जावं. त्याची बचत बुडणार नाही आणि घरही खूश राहील.

आणि ज्याच्या वहीत २१ पैकी पंधरा दिवस "आज नवीन काही केलंच नाही" असं लिहिलेलं निघेल, त्याने वेळ घालवू नये. त्याला मी म्हणेन, तुमच्या त्या साध्या बुधवारची तारीख ठरवा. या महिन्यातलीच.

वही आज रात्रीच काढा. दोनच ओळी लिहायच्यात.